फाटकापासून बाकापर्यंत

प्रस्तावना लिहिणाऱ्याचं नाव पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा मोठं असावं, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. इथे ती पाळता येत नाही. या पुस्तकात एकोणीस जणांनी लिहिलंय, त्यांतल्या एकानेही नाव दिलेलं नाही, आणि मला विचारायला आले तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं की खाली सही नको. त्यांचं बरोबर आहे. माझं माहेरचं आडनाव छापलं, तर आमच्या तालुक्यातली निम्मी माणसं लगेच म्हणतील, ही त्याचीच बहीण, जो बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर पडला होता. तेव्हा मी दादाची धाकटी बहीण, एवढी ओळख पुरे.

एकोणीस जणांना एकच प्रश्न विचारला होता: पहिल्या मीटिंगला तुम्ही कसे पोचलात? प्यायला का लागलात, हे कुणी विचारलं नाही. त्याचं उत्तर माणूस गुत्त्यावरही देतो, आणि झकास देतो. मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, ए.ए.ची. दारू सोडू पाहणारी आणि सोडलेली माणसं ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एका खोलीत जमतात, आपलं सांगतात, दुसऱ्याचं ऐकतात आणि घरी जातात. वाचायला सोपं आहे. दादाला आमच्या घरापासून दीड किलोमीटरवरच्या त्या खोलीत शिरायला तीन आठवडे लागले.

मीटिंग भरायची नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत, मंगळवारी संध्याकाळी सातला. पिणाऱ्याचा जीव खाली-वर व्हायला लागतो तो नेमका याच वेळेला, हे मला नंतर कळलं. शाळेसमोर चहाची टपरी आहे. पहिल्या मंगळवारी आम्ही दोघं तिथे बसून दोन-दोन चहा प्यालो. दादा फाटकातून आत जाणारी माणसं मोजत होता. नऊ झाली. एकाच्या हातात हेल्मेट, एकाच्या हातात मेथीच्या जुड्या डोकावणारी पिशवी. "हे कसले बेवडे?" दादा म्हणाला, "चांगल्या घरचे दिसतात." आणि आम्ही परत आलो. दुसऱ्या मंगळवारी पाऊस लागला, तेवढं निमित्त पुरलं. तिसऱ्या मंगळवारी फाटकापर्यंत गेलो. आतून पन्नाशीचे एक गृहस्थ बाहेर आले. मला धस्स झालं. आता हे 'या, या' करणार आणि दादा तिथूनच मागे फिरणार. ते म्हणाले, "जरा हात लावता का? बाक सरकवायचाय, एकट्याला जड जातो." दादाने एका बाजूने बाक उचलला. बाक वर्गात गेला आणि बाकाबरोबर दादा गेला. मी टपरीवर येऊन बसले.

त्यांनी हे मुद्दाम केलं का, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही. पण या पुस्तकातल्या आणखी चौघांना पहिल्या दिवशी दारातच कुणीतरी असंच काम लावलेलं आहे. सतरंजी झटका, पाण्याची कळशी आणा, पंख्याचं बटण कुठलं ते बघा. वाचताना त्या जागा चुकवू नका.

दारूची गोष्ट म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे 'एकच प्याला' येतं. ते लिहिणारे गडकरी १९१९च्या जानेवारीत गेले आणि पाठोपाठ, त्याच वर्षी, गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. शंभरावर वर्षं होऊन गेली तरी पिणाऱ्याला आपण तळीरामच म्हणतो. त्या नाटकात पिणाऱ्यांचं एक मंडळ आहे, आर्यमदिरामंडळ. तिथे जमणाऱ्यांकडे पिण्याच्या बाजूने बोलायला शब्दांचा तोटा नाही. न पिणाऱ्यांचं मंडळ मात्र नाटकात कुठेच नाही. नाटकाचा नायक सुधाकर भानावर येतो तेव्हा त्याच्यापुढे असते त्याची बायको सिंधू, आणि त्याच्याजवळ असतो त्याचा स्वतःचा निर्धार. तो निर्धार किती टिकतो हे सगळ्यांना माहीत आहे.

आपली दारू सोडण्याची कल्पना अजून तिथेच थांबलेली आहे. शपथ घ्यायची. देवीपुढे घ्यायची, पोराच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायची, आईचा हात हातात धरून घ्यायची. दादाने अशा सात शपथा घेतल्या, त्यांतल्या चार आई असताना. प्रत्येक शपथ त्याने मनापासून घेतली होती, यात मला आजही शंका नाही. मोडली की लाज, लाजेवर उतारा म्हणून पुन्हा तीच. पंढरीची माळ घालून सुटलेली माणसंही मी पाहिली आहेत आणि माळेला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण माळेमागे दिंडी असते, पंधरा दिवसांनी एकादशी असते, 'काल भजनाला का नव्हतास?' म्हणून विचारणारी चार माणसं असतात. नुसत्या शपथेमागे कोणी नसतं. सुधाकरमागेही कोणी नव्हतं.

सुधाकर रंगभूमीवर आला त्याला सोळा वर्षं झाल्यावर, १९३५च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाच्या गावी एक माणूस हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालत होता. बिल विल्सन, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला. दारूने सगळं घालवून बसलेला आणि जेमतेम पाच महिने न प्यायलेला. ज्या व्यवहारासाठी आला होता तो फिसकटला, खिशात थोडेसे डॉलर उरले, उद्याचा रविवार परक्या गावात काढायचा. लॉबीच्या एका टोकाला बार होता, हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि भिंतीवर गावातल्या चर्चची यादी. तो टेलिफोनकडे गेला. एका पाद्र्याला फोन लावला, त्याच्याकडून मिळालेल्या नावांना एकेक करून फोन लावले. सगळ्यांकडे मागणी एकच: मला गावातल्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ यांना आपल्या घरी बोलावून घेतलं. हे डॉक्टर शल्यविशारद होते आणि पिऊन पिऊन हात थरथरायला लागलेले. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही, असं बजावून ते आले. उठले तेव्हा रात्र बरीच झाली होती.

बिलने त्यांना उपदेश केला नाही. स्वतःचं सांगितलं. डॉक्टरांना दारूचे दुष्परिणाम त्याने काय सांगायचे? महिनाभरात डॉक्टर एकदा घसरले, आणि १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला. तीच तारीख ए.ए.चा जन्मदिवस मानतात. मग दोघं मिळून तिसरा शोधायला अ‍ॅक्रनच्या रुग्णालयात गेले. तो तिसरा माणूस पेशाने वकील निघाला. आमचा सुधाकरही वकीलच.

ही गोष्ट मी लांबवली, कारण ती बहुतेक वेळा उलटी सांगितली जाते. बिलने बॉबला वाचवलं, असं सांगतात. त्या संध्याकाळी गरज बिलला होती. ऐकायला कोणी मिळालं नसतं तर तो लॉबीतल्या बारकडे गेला असता. खोलीत आधीपासून बसलेल्या माणसांना फाटकाबाहेर घुटमळणारा माणूस हवा असतो, तो त्यांच्यासाठीच. दादाला वाटायचं, आपण जाऊन त्यांच्या गळ्यात पडणार. बाक एकट्याला खरोखर जड जातो, हे त्याला कळायला वर्ष लागलं.

पुढचं थोडक्यात. १९३९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, त्यात दारूतून बाहेर पडण्याच्या बारा पायऱ्या आल्या. १९४१ मध्ये एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकात लेख आला आणि सभासदांची दोनेक हजारांची संख्या वर्षभरात आठ हजारांवर गेली. भारतात हे लोण पन्नासच्या दशकात पोचलं. १९८१ मध्ये फादर जोसेफ परेरा यांनी मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केलं आणि या बारा पायऱ्यांना पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचा योग जोडला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले नसते तर ते कदाचित कागदावरच राहिलं असतं. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे आणि ए.ए. हा केंद्र नसलेला, मालक नसलेला गटांचा गोतावळा आहे. पण केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाला पुढची वर्षं कुठेतरी बसावं लागतं, हे दोन्हीकडे मान्य आहे.

आणि बसणारे किती थोडे! केंद्र सरकारसाठी एम्सने केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबाने देशात सुमारे १६ कोटी माणसं दारू पितात आणि त्यांतल्या ५ कोटी ७० लाखांचं पिणं हाताबाहेर गेलेलं किंवा त्या वाटेवर आहे. दारूवाचून ज्यांचं चालतच नाही अशा दर ३८ जणांमागे कुठलाही उपचार मिळाला तो एकाला. उरलेल्या सदतिसांना कोण भेटतं? एसटी स्टँडच्या मुतारीवर चिकटवलेला कागद: 'पेशंटला न सांगता दारू सोडवा.' आमच्या घरातही अशी एक पुडी आली होती. महिनाभर दादाच्या भाजीतून गेली. तिच्यात काय होतं हे आजपर्यंत कळलेलं नाही. काही पुड्यांत अशी औषधं निघतात की त्यांवर दारू प्यायली तर माणूस मरायला टेकतो. हे आम्हाला नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं आणि वहिनी तिथेच खाली बसली. मीटिंगचं सगळं शास्त्र या पुडीच्या विरुद्ध आहे. इथे त्याला न सांगता काहीच करता येत नाही.

मीटिंग शोधायची कशी, हा भाग पुस्तकात विखुरलेला आहे, म्हणून इथे एकत्र सांगते. मोठ्या शहरात अडचण येत नाही. मुंबई-पुण्यात रोज कुठे ना कुठे मीटिंग असते, शाळांत, चर्चच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात. चर्चच्या हॉलमध्ये असली म्हणून ती चर्चची नसते. त्यांनी जागा दिलेली असते, एवढाच संबंध. ए.ए.च्या स्वतःच्या यादीत गाव, वार, वेळ आणि फोन नंबर मिळतो. फोन उचलणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः कधीकाळी पिणारा असतो, त्यामुळे 'माझ्या एका मित्रासाठी विचारत होतो' हे वाक्य त्याने ढिगाने ऐकलेलं असतं आणि तो हसत नाही. यादी हाताशी नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसची १४४१६, दोन्ही मोफत. गावात मीटिंगच नसेल तर ऑनलाईन मीटिंगा आहेत, कोविडनंतर त्या बऱ्याच रुळल्या. समोरासमोर बसण्याची सर त्यांना येत नाही, पण तालुक्याहून शेवटची एसटी साडेसातला सुटत असेल तर दुसरं काय करणार?

एक खबरदारी घ्या. निघण्यापूर्वी त्याच दिवशी फोन करा. शाळेत परीक्षा लागते, निवडणूक आली की शाळेचं मतदान केंद्र होतं, शिपाई किल्ली घेऊन गावी जातो. यादीत मंगळवार असतो आणि फाटकाला कुलूप. महत्प्रयासाने निघालेल्या माणसाला कुलूप दिसलं की तो पुन्हा निघत नाही. पुस्तकातला चौदावा माणूस असाच कुलूप पाहून परत गेला आणि त्यानंतर दोन वर्षं प्यायला.

आणखी एक, आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने मीटिंगच्या उत्साहात एका दिवसात दारू तोडू नये. दादाने पाचव्या शपथेला तोडली होती, गुढीपाडव्याला. दुसऱ्या दिवशी फिट आली. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवरून मुंग्या उतरताना दिसत होत्या आणि घरात बाहेरचं बघणाऱ्याला बोलवायची भाषा सुरू झाली. ते बाहेरचं नव्हतं, आतलंच होतं. अचानक दारू तुटल्यावर असं होतं, त्यात जीव जाऊ शकतो आणि त्यावर औषध आहे. ज्या रुग्णालयात नेलं तिथे त्याला वाचवलं, याबद्दल ऋण आहेच. पण घरी पाठवताना एवढंच सांगितलं, 'मनावर घ्या.' मनावरच तर घेतलं होतं. तेव्हा आधी डॉक्टर आणि जोडीला मीटिंग. ए.ए.तल्या काही जुन्या मंडळींना गोळ्यांचं वावडं असतं, 'एका व्यसनातून दुसऱ्यात कशाला' असं ते नवख्याला सांगतात. त्यांचं ऐकू नका. सभासदांनी डॉक्टरकी करू नये, असं ए.ए.चं साहित्यच सांगतं.

आत काय होतं? ओपन मीटिंगला कोणीही बसू शकतं, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी असते. सहा महिन्यांनी एका ओपन मीटिंगला दादाने मला आत नेलं तेव्हा वर्ग दुसरीचा होता. बाक इतके बुटके की सगळ्यांचे गुडघे छातीशी. भिंतीवर बाराखडी, फळ्याच्या कोपऱ्यात बाईंनी लिहिलेला गृहपाठ, आणि त्याच्याखाली 'पुसू नये'. कुणी पुसला नाही. एक माणूस मीटिंग चालवतो, सगळे क्षणभर गप्प बसतात, एक मजकूर वाचला जातो, मग एकेक जण बोलतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, 'माझं तर याच्याहून वाईट' म्हणत नाही. आपल्याकडे चार माणसं एकत्र बसून एकाचं संपेपर्यंत ऐकतात, हे मी कीर्तनाव्यतिरिक्त पहिल्यांदा पाहिलं. नवख्याने बोललंच पाहिजे असं नाही. नाव सांगून 'आज मी ऐकतो' म्हटलं तरी चालतं. दादाने पहिल्या तीन मीटिंगांत तेवढंच म्हटलं.

हजेरीपट नसतो, फी नसते. महाराष्ट्रात दारू प्यायला १९४९च्या कायद्यानुसार सरकारी परवाना लागतो, तोही प्रकृतीच्या कारणासाठी. परमिट रूमला परमिट रूम म्हणतात ते त्यामुळे. सोडायला कसलाच कागद लागत नाही. सोडायची इच्छा आहे, एवढीच सभासदत्वाची अट. शेवटी एक डबा फिरतो, त्यात जमेल ते टाकायचं. मी शंभराची नोट टाकली तर शेजारच्या काकांनी ती हळूच काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "ताई, बाहेरच्यांचे पैसे घेत नाही. तुम्ही पुढच्या वेळी बिस्किटं आणा." बिस्किटं चालतात की नाही याबद्दल त्यांच्यात नंतर वाद झाला म्हणे.

नावाबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. 'मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे,' एवढीच ओळख. आमच्या गटातले काही जण सरळ 'बेवडा' म्हणतात. आडनाव कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही. ए.ए.त सुरुवातीला ही प्रथा पडली ती अब्रू आणि नोकरी सांभाळायला. आपल्याकडे आडनाव काढून घेतलं की त्याच्याबरोबर आणखी पुष्कळ जातं. मराठी माणूस आडनाव विचारतो तेव्हा तो फक्त आडनाव विचारत नसतो. कोणापैकी, कुठल्या आळीचे, बसवायचं कुठे, हे सगळं त्या एका प्रश्नात असतं. त्या दुसरीच्या वर्गात साखर कारखान्याचे एक माजी संचालक आणि नगरपालिकेचा झाडूवाला एका बाकावर बसलेले मी पाहिले. चहा झाडूवाल्याने केला होता आणि कपही त्यानेच विसळले. आमच्या माहेरी गड्याचा कप न्हाणीघराच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. तो कप मी आणि दादाने रोज पाहिलेला आहे. दादाने चहा घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. गुत्त्यावरही जात नसते असं म्हणतात. तिथे शुद्ध नसते. इथे सगळे शुद्धीवर असतात.

या एकोणिसांत तीन बायका आहेत. त्यांचे मजकूर आधी वाचा असं मी सांगेन, कारण त्यांना फाटक सगळ्यात लांब पडलं. एक जण तर ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या मीटिंगला जायची. पुरुष प्यायला तर बिघडला म्हणतात, बाईला काय म्हणतात ते छापता येत नाही. मोठ्या शहरांत फक्त बायकांच्याही मीटिंगा भरतात, आणि मुक्तांगणात बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. फोनवर 'एखाद्या बाईशी बोलायचंय' असं सांगितलं तर त्यांना त्यात नवल वाटत नाही.

घरच्यांसाठीही गट आहेत. बिलची बायको लोइस हिने १९५१ मध्ये अल-अनॉन सुरू केलं, मुक्तांगणात पत्नींचा सहचरी गट आहे. यावर आमच्या घरातली गोष्ट सांगते. दादा बाक उचलून आत गेला त्या रात्री मी मोठ्या तोऱ्यात वहिनीला फोन केला, मी त्याला मीटिंगला नेलं म्हणून. ती म्हणाली, "कुठल्या? मंगळवारच्या?" मला कळेना हिला मीटिंगांचे वार कसे ठाऊक. ती तीन महिने गुरुवारी भिशीला जाते म्हणून सांगत होती. भिशी नव्हतीच, अल-अनॉनची मीटिंग होती. तिथे तिला कोणी दादाला सुधारायची युक्ती दिली नाही. तो पडला तर उचलायला धावायचं नाही, त्याच्या साहेबाला खोटा फोन करायचा नाही, आणि स्वतः वेळेवर जेवायचं, एवढंच ती तिथून शिकली. तिने खोटे फोन बंद केले म्हणून दादाचा पगार कापला गेला आणि पगार कापला गेला म्हणून तो माझ्याबरोबर टपरीवर येऊन बसला. श्रेय मी घेत होते.

ए.ए.बद्दल शंका घेणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही. 'परमेश्वर, जसा आम्हाला कळला तसा' हे शब्द बारा पायऱ्यांत येतात आणि नास्तिकाला ते खुपतात. आमच्या गटातले एक विज्ञानाचे शिक्षक परमेश्वराच्या जागी 'हा वर्ग' धरतात आणि त्यांचं त्यावर चाललंय. किती टिकले, किती गळाले याचा हिशेब गट स्वतः ठेवत नाही, म्हणून हे सगळं ऐकीव आहे असंही म्हणत असत. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि त्यांतली दहा हजारांवर माणसं एकत्र तपासली. पूर्णपणे न पिण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड आणि काही ठिकाणी सरस ठरली. म्हणजे सगळ्यांना लागू पडते असं नाही. या पुस्तकात लिहायचं कबूल केलेला एक जण पुन्हा प्यायला लागला आणि त्याने लिहिलं नाही. त्याचं पान कोरं ठेवायचं की नाही यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठेवलं नाही, मला वाटतं ठेवायला हवं होतं.

दादाचीही दोनदा स्लिप झाली. स्लिप हा त्यांचा शब्द, घसरण्याचा. दुसऱ्यांदा झाली ती चांगली अकरा महिन्यांनंतर, एका लग्नात. त्यानंतर मंगळवारी तो फाटकापाशी पुन्हा तसाच उभा, पहिल्या दिवसासारखा. सात शपथा मोडल्यावर घरात जे झालं होतं ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर होतं. तेच गृहस्थ बाहेर आले. "बरं झालं आलात," म्हणाले, "किल्ली आजपासून तुमच्याकडे. मला गुडघ्यामुळे लवकर येववत नाही." आता मंगळवारी साडेसहाला फाटक दादा उघडतो. किती वर्षं झाली म्हणून विचारलं तर वर्षं सांगत नाही, आज सकाळपासून नाही घेतली म्हणतो.

हे पुस्तक ए.ए.ने काढलेलं नाही, त्यांचा त्याला शिक्का नाही. एकोणीस माणसांनी आपल्या पदरच्या पैशांनी छापलंय. ते एका बैठकीत वाचून होईल. पण तुम्ही ते स्वतःसाठी हातात घेतलं असेल आणि आज तुमच्या गावात मीटिंग असेल, तर इथेच मिटा. फोन करून फाटक उघडं असल्याची खात्री करा आणि जा. उरलेलं आल्यावर वाचा.